घरबसल्या नव्हे, नेमाने बसून केलेला अभ्यास



सायबर सुरक्षेच्या ऑनलाइन एम.एस्सी.ला प्रवेश घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेला शब्द म्हणजे ‘घरबसल्या’. मंदिराच्या पायरीवर, महिला मंडळाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच. “घरबसल्या करतेस म्हणे, बरं आहे बाई!” बोलणाऱ्या काकूंच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या एका शब्दात पूर्ण हिशेब मांडलेला असतो. घरात आहे म्हणजे मोकळी आहे, मोकळी आहे म्हणजे हाक मारता येते, आणि शिकतेय ते विरंगुळा म्हणून. तोच अभ्यास मुलगा पुण्यात खोली घेऊन करत असेल, तर मात्र त्याला ‘शिक्षण’ म्हणतात.

म्हणून आज याच विषयावर माझं मत स्पष्टपणे मांडते. ज्या बहिणी पदवीधर आहेत आणि मुलं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा काही शिकावं म्हणतात, त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी हा खरोखर चांगला मार्ग आहे. पण त्याला दोन अटी आहेत. पदवी खरी असली पाहिजे, आणि घराने तिच्यासाठी लागणारे तास मान्य केले पाहिजेत. तिसरा एक प्रश्न फक्त आपल्यातच विचारला जातो: हे शिकणं आपल्या व्रतात बसतं का? त्याचंही उत्तर पुढे देते.

शिकतात तरी काय?

लोकांना वाटतं, सायबर सुरक्षा म्हणजे पासवर्ड कसा ठेवावा याचे धडे. तसं नाही. पहिल्याच आठवड्यात सांगतात की माहितीचं रक्षण तीन गोष्टींसाठी करायचं: गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. ज्याला पाहण्याचा हक्क नाही त्याला दिसू नये, कोणी गुपचूप बदल करू नये, आणि ज्याला हक्क आहे त्याला वेळेवर मिळावं. दवाखान्यातल्या रिपोर्टचं उदाहरण घ्या. तो शेजाऱ्याला दिसला तर पहिली गोष्ट मोडली, त्यातला रक्तगट बदलला तर दुसरी, आणि ऑपरेशनच्या वेळी उघडलाच नाही तर तिसरी. पुढचे सगळे विषय या तीन गोष्टींभोवतीच फिरतात. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, कूटलेखन, सुरक्षित प्रोग्रॅमिंग, जोखमीचं मोजमाप, कायदा, आणि हल्ला झाल्यावर पुरावे जपत तपास कसा करायचा, हे सगळं त्यात येतं.

कूटलेखनाचा विषय आला की मला आदिनाथ भगवानांची गोष्ट आठवते. त्यांनी ब्राह्मीला अक्षरविद्या दिली आणि सुंदरीला अंकविद्या. कूटलेखनात ह्या दोन्ही विद्या एकत्र येतात: अक्षरांचे अंक करायचे, अंकांवर गणित करायचं आणि पुन्हा अक्षरं मिळवायची. पाठशाळेत ही गोष्ट आपण मुलींना दरवर्षी सांगतो. मग मुलींनी आणि सुनांनी अंकविद्या शिकायची म्हटलं की कपाळाला आठ्या का पडाव्यात?

हा विषय दूर कुठे अमेरिकेतला आहे, असंही समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचा व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच चोरट्यांनी बगल दिली होती. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता. मधल्यामध्ये ‘आहेत, द्या’ असं उत्तर जात होतं. मग बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून माणसांनी पैसे काढले. त्यातले काही तर आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. काही रक्कम दुसऱ्या मार्गाने थेट हाँगकाँगच्या बँकेत गेली. एटीएमसमोर उभं राहून नोटा मोजणारी बरीचशी मंडळी साधी, कमिशनवर काम करणारी होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. आपल्या कितीतरी घरांचे पैसे सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत असतात. त्यांची राखण करणाऱ्यांत आपल्या घरातली कोणी असावी, असं वाटायला नको का?

व्रतात बसतं का?

आता तो प्रश्न. एका आक्कांनी मला विचारलं होतं, “म्हणजे तुम्हाला चोरी कशी करायची ते शिकवतात?” प्रश्न अगदी योग्य आहे. कुलूप कसं तुटतं हे कळल्याशिवाय ते मजबूत करता येत नाही. त्यामुळे हल्ल्याच्या रीती अभ्यासात असतातच.

पण आपल्या आचार्यांनी चोरीची व्याख्या काय केली आहे ती आठवा. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. अदत्तादान. सगळा भर ‘दिलेलं’ आणि ‘न दिलेलं’ यावर आहे. गंमत म्हणजे ह्या विषयाचा सगळा नीतिधर्म नेमक्या याच जागी उभा आहे. जी यंत्रणा तपासायची तिच्या मालकाची लेखी परवानगी हवी. काय तपासायचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठे थांबायचं, सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दलच आहे, आणि वाईट हेतूने तसं केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा होतो. विद्यार्थ्यांचा सराव स्वतःच्याच लॅपटॉपमध्ये, वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या आभासी संगणकावर चालतो. तिथे दार फोडलं तरी ते आपलंच दार असतं.

दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातवा अध्याय व्रतांचा. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते आपण पाठ म्हणतो, पण आजच्या व्यवहाराला लावून पाहत नाही. ‘स्तेनप्रयोग’ म्हणजे दुसऱ्याला चोरीला प्रवृत्त करणं. ‘तदाहृतादान’ म्हणजे चोराने आणलेलं घेणं. आज ओळखीतला कोणी येतो आणि म्हणतो, “वहिनी, तुमच्या खात्यावर थोडे पैसे येतील, तेवढे पुढे पाठवा, दोन टक्के तुमचे.” हेच तदाहृतादान. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच भाड्याची खाती लागतात, आणि पोलीस सगळ्यात आधी त्या खातेदाराच्या दारात येतात. ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या नावावर खोटं खपवणं. पूर्वी त्याचं उदाहरण तुपात भेसळ असं द्यायचे. आज बँकेसारखं दिसणारं खोटं संकेतस्थळ हे उदाहरण द्यावं लागेल.

सत्य अणुव्रताचे अतिचार तर याहून जवळचे आहेत. ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणं. ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणं. ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणं. कोणाच्या घरातला खाजगी फोटो, आजाराचा रिपोर्ट किंवा मुलीच्या स्थळाची माहिती चार ग्रुपवर फिरवणं हे रहोभ्याख्यान नाही तर काय? देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आपल्या श्रावकाचारात तो विचार केव्हाचा आहे.

आणि फसवणूक चालते कशावर? कषायांवर. ‘दुप्पट पैसे’ हा लोभ. ‘तुमचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय’ हे भय. ‘तुमच्यासारख्या प्रतिष्ठित व्यक्तीसाठी खास’ हा मान. आणि समोरच्याच्या बाजूने पाहिलं तर सगळीच माया. अभ्यासक्रमात याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. प्राध्यापक जे चार तास समजावतात, ते प्रवचन ऐकलेल्या बाईला अर्ध्या तासात कळतं. राहतं ते यंत्राचं ज्ञान, आणि ते शिकून येतं.

एक सावधगिरी मात्र सांगते. हे ज्ञान हातात आल्यावर नवऱ्याचा फोन, सुनेचा फोन, जावेचं खातं उघडून पाहण्याचा मोह होऊ शकतो. घरातलं माणूस असलं तरी न दिलेलं ते अदत्तच. नोकरी घेतानाही आपण कोणाच्या धंद्याची राखण करणार आहोत ते पाहावं. पंधरा कर्मादानं ज्यांनी वर्ज्य केली, त्यांनी कत्तलखान्याच्या कंपनीचं कुलूप सांभाळायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्यापुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे.

तासांचा हिशेब

आता ‘घरबसल्या’कडे येऊ. एका विषयाला आठवड्याचे दहा-बारा तास सहज लागतात. एका सत्रात दोन-तीन विषय असले, तर अर्धवेळ नोकरीइतके तास झाले. व्याख्यान रेकॉर्ड केलेलं असलं, तरी गृहपाठाची तारीख कोणासाठी थांबत नाही. परीक्षा घरून देता येते, पण कॅमेरा चालू असतो, खोली फिरवून दाखवावी लागते आणि दुसरं कोणी आत आलं तर पेपर बाद होऊ शकतो. त्या वेळी “अगं, कुकरची शिट्टी किती झाली?” असं विचारायला दार उघडून चालत नाही.

आपल्या घरांची एक सोय मात्र मला ह्या अभ्यासात फार जाणवली. बऱ्याच ऑनलाइन वर्गांची वेळ संध्याकाळी सात-आठची असते, नोकरी करणाऱ्यांना सोयीची म्हणून. इतर घरांत ती ऐन स्वयंपाकाची वेळ. आपल्याकडे रात्रिभोजनत्यागामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात, ओटा पुसून स्वयंपाकघर बंद होतं. संध्याकाळचे दोन तास व्रतानेच आपल्या पदरात घातले आहेत. आरती, सामायिक झालं की त्यातले काही अभ्यासाला देता येतात. आजवर ते टीव्हीच्या मालिकांना देत होतो, आणि कोणी हरकत घेत नव्हतं.

चातुर्मासाचं मात्र आधी ठरवा. भारतातल्या बहुतेक विद्यापीठांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. गावात साधू-संतांचा चातुर्मास असेल, घरी चौका लागणार असेल, तर पहिलं सत्र जानेवारीचं घ्या. सवय लागल्यावर पावसाळ्यातलं सत्र पेलतं. आणि ज्या सत्रात जमणार नाही त्यात एकच विषय घ्या. तशी मुभा आहे का, हे प्रवेशाच्या आधी विचारा. पदवी दोनऐवजी तीन वर्षांत झाली तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंना, नवऱ्याला एवढंच सांगायचं: हे तास माझे नाहीत, विद्यापीठाचे आहेत. स्वाध्यायाला बसलेल्या माणसाला आपण हाक मारत नाही. तोच नियम इथे लावा. अभ्यास हा ज्ञानाचा विनय आहे, आणि ज्ञानात अडथळा आणल्याने ज्ञानावरणीय कर्माचा बंध होतो, असं आपणच मानतो. मग सुनेच्या परीक्षेच्या दिवशी पाहुणे बोलावणं कशात मोडतं, याचा विचार घराने करावा.

पदवी खरी आहे का?

सुरक्षेची पदवी घेतानाच फसलो तर हसं होईल. म्हणून ह्या गोष्टी नीट तपासा.

भारतात ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीचे २०२० चे नियम आहेत. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण मान्यता विद्यापीठाला आहे एवढं पुरत नाही. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी, ऑनलाइन चालवण्याची परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. फोनवर गोड बोलणाऱ्या समुपदेशकाच्या शब्दावर राहू नका. कोणी मध्यस्थ संस्था “आमच्यामार्फत पदवी मिळेल” म्हणत असेल तर तिथेच थांबा, कारण असं मध्यस्थांमार्फत केंद्र चालवायला नियमात बंदी आहे. इंजिनिअरिंगच्या पदव्याही ह्या नियमांखाली ऑनलाइन देता येत नाहीत. म्हणून सर्वसाधारण विद्यापीठाची ‘ऑनलाइन एम.टेक.’ अशी जाहिरात दिसली तर दोनदा तपासा. एम.एस्सी., एम.सी.ए. चालतात. एम.सी.ए.ला बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, हेही बहुधा विचारतात.

परदेशातल्या विद्यापीठांचंही दार आता घरातून उघडतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने जानेवारी २०१९ मध्ये सायबर सुरक्षेची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली. दहा विषय, ३२ क्रेडिट, आणि सुरू झाली तेव्हा पूर्ण फी दहा हजार डॉलरच्या आत होती. त्यात तीन शाखा आहेत: एक संगणकाच्या तांत्रिक बाजूची, एक वीज वगैरेंच्या यंत्रणांची आणि एक धोरणाची. ही तिसरी शाखा मला महत्त्वाची वाटते. कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन शिकलेल्या बाईलाही ह्या क्षेत्रात जागा आहे, हे त्यावरून कळतं. तरी दहा हजार डॉलर म्हणजे आपल्या रुपयांत काही लाखांच्या घरातली रक्कम, हे विसरू नका.

पैशाबद्दल एक साधा नियम. दागिने मोडून किंवा न वाचलेल्या कर्जाच्या कागदावर सही करून प्रवेश घेऊ नका. काही कंपन्या ‘हप्ते’ म्हणतात, पण ते बँकेचं कर्ज असतं आणि शिक्षण सोडलं तरी ते सुटत नाही. त्याआधी आयआयटींच्या एनपीटीईएलवर नेटवर्क किंवा कूटलेखनाचा एखादा अभ्यासक्रम करून पाहा. शिकायला फुकट आहे, परीक्षा द्यायची असेल तरच थोडी फी. बारा आठवडे नेमाने टिकलात, तर पदवीही टिकेल. कंटाळलात, तर लाखभर रुपये वाचले.

नोकरी मिळेल का?

जाहिराती सांगतात तितकी सहज नाही. पदवी हातात आली की कंपन्या रांग लावतात, हे खरं नाही. अनुभव मागतात. सीआयएसएसपी हे नावाजलेलं प्रमाणपत्र काही वर्षांच्या अनुभवाशिवाय पूर्ण मिळतच नाही. शिवाय चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या केंद्रांत रात्रपाळी असते. लहान मुलं असलेल्या घरात ती झेपेलच असं नाही.

पण त्याच क्षेत्रात दिवसाची कामंही आहेत: नियमपालन, लेखापरीक्षण, जोखमीची तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट लागू केली आणि २०१९ च्या अखेरीस ती बँकेच्या व्यवहारांनुसार टप्प्याटप्प्याने वाढवली. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे सगळं करायला सांगली, कोल्हापूर, सोलापूर, इचलकरंजीसारख्या गावांतही माणसं लागणार. ज्या बाईने बी.कॉम. करून दुकानाचे हिशेब सांभाळले आहेत, तिला लेखापरीक्षणाचं अंग आधीच आहे. ती वाट तिने निवडावी.

आणि नोकरी नाही मिळाली तर? तर शिक्षण वाया गेलं, असं म्हणणाऱ्यांना मी मगनबाईंचं नाव सांगते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांची ही मुलगी लहान वयात विधवा झाली, शिकली आणि मुंबईत श्राविकाश्रम काढून इतर बायकांना शिकवू लागली. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेत आयुष्य घातलं. त्यांच्या शिक्षणाचा हिशेब पगाराच्या चिठ्ठीवर कोणी मांडला नाही.

आपल्या समाजाला आज ह्या ज्ञानाची गरज आहे. मंदिराच्या ट्रस्टकडे देणगीदारांची नावं, फोन नंबर, पॅन असतात, आणि ते बहुधा एखाद्या जुन्या संगणकावर ‘१२३४५६’ पासवर्डखाली. दानपेटीवरचा क्यूआर कोड आपल्याच ट्रस्टचा आहे ना, हे कोणी तपासतं का? एकट्या राहणाऱ्या आजींना व्हिडिओ कॉलवर पोलीस अधिकारी म्हणून कोणी धमकावलं, तर भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही आणि १९३० ला लगेच फोन करायचा, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोण समजावणार? बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ एकदा भाषण करून जाईल. मंडळातलीच एखादी बहीण शिकलेली असेल, तर आजी दुपारी बारा वाजताही तिला फोन करतील.

म्हणून महिला मंडळांना एक विनंती करते. दरवर्षी मंडळाच्या निधीतून आपण सत्कार करतो, शाली देतो. यंदा त्यातले थोडे पैसे बाजूला काढून एका बहिणीची पहिल्या सत्राची फी भरा. अट एवढीच, की तिने वर्षभर महिन्यातून एक दिवस मंदिरात बसून सगळ्यांच्या फोनची आणि खात्यांची शंका सोडवायची. ज्ञानदान हे चार दानांपैकी एक आहे. ते देणारीलाही पुण्य, घेणारीलाही.

आणि ज्या घरात कोणी अशी अभ्यासाला बसली असेल, त्या घराने आजपासून ‘घरबसल्या’ हा शब्द सोडावा. “शिकतेय” म्हणावं. तेवढं पुरेसं आहे.

जय जिनेंद्र.